मधलं नाव

१

जे पत्र अमृताने लिहिलंच नव्हतं, ते शुक्रवारी दुपारी अमृतानेच कोलकात्याच्या बेहाला भागात आणून सुहासिनीबाईंच्या हातात ठेवलं.

"मावशी, सही बघा. हुबेहूब माझी. मीच केली असं कोणीही म्हणेल. मी केलेली नाही."

सुहासिनी दातार बँकेच्या दक्षता विभागातून निवृत्त झाल्या त्याला सहा वर्षं झाली होती. तीन वर्षांच्या बदलीवर कोलकात्याला आल्या आणि सव्वीस वर्षं राहिल्या. लग्न केलं नाही, मांजर पाळलं नाही, दुसऱ्यांच्या भानगडी मात्र हौसेने पाळल्या. कुतूहल हा त्यांचा जुना आजार होता आणि त्यावर औषध घ्यायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि आधी तो वाचण्याऐवजी नुसता बघितला.

अमृता लेले त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची, दिगंबर लेल्यांची मुलगी. दिगंबरराव निवृत्तीनंतर सांगलीला परतले, लेक इथेच राहिली. चौतिशीची ही मुलगी 'पूर्वतट टर्मिनल्स' नावाच्या कंपनीत सुरक्षा अभियंता होती. ऑफिस न्यू टाउनला, तेलाच्या टाक्या बजबजला, नदीकाठी. त्या डेपोच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि पात्रतेच्या यादीत पहिलं नाव होतं अमृताचं. बजबजला आजवर एकही बाई प्रमुख झालेली नव्हती.

पत्र इंग्रजीत होतं, जेमतेम चार वाक्यांचं. बजबजच्या पदासाठी माझा विचार केल्याबद्दल आभारी आहे. परंतु लहान मुलीच्या संगोपनाची जबाबदारी पाहता मी माझं नाव मागे घेत आहे. कृपया पुढील उमेदवाराचा विचार व्हावा. हा निर्णय सर्वस्वी माझा आहे. त्याखाली सही आणि सहीखाली छापलेलं नाव: अमृता चिन्मय लेले.

"निर्णय ज्याचा असतो ना, तो असं वाक्य लिहीत नाही," सुहासिनीबाई पुटपुटल्या. "पुढे काय झालं?"

"काल सकाळी हे नूपुरच्या ट्रेमध्ये सापडलं. नूपुर बसू, आमची एचआर. तिने लगेच स्कॅन करून मुंबईला पाठवलं, मूळ कागद मी मागून घेतला. सोमवारी अकराला तिथे समिती बसते आणि नाव पक्कं करते. मी ओरडून सांगितलं, हे माझं नाही. तर उत्तर आलं, की सही तुमचीच दिसते. आरोप करायचा तर सिद्ध करा."

"आणि सिद्ध नाही झालं तर?"

"तर बाई एकदा नाही म्हणते, एकदा हो म्हणते. अशा बाईच्या हाती तेलाचा डेपो कसा द्यायचा?" अमृताचा आवाज चिरकला. "नऊ वर्षं मी त्या टाक्यांवर चढतेय, मावशी. कुठल्या व्हॉल्व्हला कधी पाझर फुटतो ते मला झोपेत सांगता येतं."

सुहासिनीबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. अमृता पाणी प्यायली. मग ज्याच्यासाठी ती खरं तर आली होती, तो प्रश्न तिने विचारला.

"परवा चिन्मय म्हणाला होता, पुन्हा एकदा विचार कर, रोज चार तास प्रवास आहे. माझ्या जुन्या सह्यांचे कागद घरात पडलेले असतात. मावशी, हे माझ्या नवऱ्याने तर केलं नसेल?"

२

पोरीची बढती जाते की संसार, हेच कळेना. बाईंना त्या रात्री झोप चांगली लागली, कारण कोडं हाती असलं की त्यांना नेहमीच चांगली झोप लागे. शनिवारी सकाळी शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, म्हणजे न्यू टाउनला, त्या टॅक्सीने पोचल्या. अमृताची मावशी म्हटल्यावर कॅन्टीनमध्ये बसायला कोणी हरकत घेतली नाही.

नूपुर बसू पस्तिशीची, तुरुतुरु चालणारी. बाईंचं बंगाली ऐकून ती मोकळी झाली.

"माशिमा, मला फार वाईट वाटतंय. पण पत्रावर सही होती, मी काय करणार? सकाळी नऊला मी आले तर ट्रेमध्ये होतं. कोणी ठेवलं, कोणी पाहिलं नाही. त्या ट्रेमध्ये सगळेच कागद टाकतात."

"छापलेलं नाव बघितलंस?"

"अमृता लेले. का?"

"मधलं?"

नूपुरने मोबाइलवर पत्र उघडून पाहिलं. "चिन्मय. हे तिचं डाकनाम असेल असं वाटलं मला. आमच्यात नाही का, घरात वेगळ्या नावाने हाक मारतात? खरं सांगू, तुमच्या लोकांची नावं एवढी लांब, की मी पहिलं आणि शेवटचं बघते, मधले डबे सोडून देते." मग तिने रेकॉर्ड काढलं. त्यात नाव होतं अमृता दिगंबर लेले. खाली वारसदाराच्या रकान्यात पती, चिन्मय राजवाडे. नूपुर दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिली. "म्हणजे चिन्मय नवरा? मग तो तिच्या नावात कसा?"

सुहासिनीबाईंना हसू आलं. हा प्रश्न महाराष्ट्रात कोणाला पडलाच नसता. तिथे पोरगी जन्मली की मधे बाप येतो आणि बोहल्यावरून उतरली की बापाला उठवून नवरा बसतो. अमृताने बापाला तिथेच राहू दिलं होतं आणि आडनावही बदललं नव्हतं. पत्र लिहिणाऱ्याने मात्र तिला लेल्यांची सून करून टाकलं होतं, आणि चिन्मयला फुकटात लेले.

त्यांनी तिथूनच अमृताला फोन लावला. "काय गं, स्वतःचं नाव चुकलेलं तुला दिसलं नाही?"

"मी सहीच बघत बसले, मावशी. आणि कुरिअरवाल्यापासून बारशाच्या निमंत्रणापर्यंत मला सगळे असंच लिहितात. कितीदा सांगितलं. आता डोळा अडकतच नाही तिथे."

फोन ठेवताना बाईंच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती. हे पत्र बंगाली हाताचं नव्हतं. नवऱ्याला बायकोच्या नावात बसवायचं, हे मराठी मनालाच सुचतं. आणि या ऑफिसात अमृता सोडून मराठी माणसं फक्त दोन होती. त्यातला एक यादीत दुसऱ्या नंबरवर होता.

३

सारंग वानखडे नागपूरचा, बत्तीस वर्षांचा. अमृताचं नाव गळलं तर बजबज त्याला मिळणार होतं. सुहासिनीबाई त्याच्या टेबलापाशी पोचल्या तेव्हा तो डबा उघडत होता.

"या ना काकू, बसा. तुम्ही माझी उलटतपासणी घ्यायला आलात, हे कळलंय मला. नूपुरच्या पोटात काही राहत नाही."

"मग सांगून टाक. पत्र तू लिहिलंस?"

"नाही जी." तो मोकळेपणाने हसला. "मला बजबज नकोच आहे. आई नागपूरला एकटी आहे. मी तिकडच्या बदलीचा अर्ज केला जानेवारीतच, विचारा नूपुरला. बजबज गळ्यात पडलं तर तीन वर्षं अडकलो मी. लेले मॅडम गेल्या तर माझीच पंचाईत."

"त्यांच्या मिस्टरांना ओळखतोस?"

"राजवाडे ना? क्रीडा दिनाला आले होते. बॅडमिंटनमध्ये मला सपशेल हरवलं."

"पहिलं नाव काय त्यांचं?"

सारंगने घास हातात तसाच धरून आठवून पाहिलं. "राजवाडेच म्हणतो मी. पहिलं नाही बा ठाऊक."

ज्याला नवऱ्याचं आडनाव ठाऊक होतं त्याला नाव ठाऊक नव्हतं. बाईंनी मनातल्या मनात एक खूण केली आणि वरच्या मजल्यावर गेल्या.

तिथे बसत सुधाकर मुजुमदार, पूर्व विभागाचे प्रमुख. आडनावामुळे अर्धं कोलकाता त्यांना आपलंच समजायचं आणि तेही हा गैरसमज लाडाने जपायचे. साठीला टेकलेले, रुबाबदार, मराठी मंडळाचे अध्यक्ष. अमृताला कंपनीत आणलं ते त्यांनीच.

"या सुहासिनीताई, या! काय हो हे, आपल्या दिगंबरची पोर, माझ्या डोळ्यांसमोर वाढली. लग्नात तिच्या मामाला यायला उशीर झाला, तर अंतरपाटापाशी तिला मी घेऊन गेलो. जीव तुटतो माझा."

"तुम्हाला काय वाटतं, कोणी केलं असेल?"

मुजुमदारांनी सुस्कारा सोडला. "खरं सांगू? बजबज बाईमाणसाची जागा नव्हेच. टँकरचे ड्रायव्हर, युनियनचे लोक, भर पावसात टाक्यांवर चढणं. तिला कमी लेखत नाही मी, हुशारच आहे ती. पण घरी लहान मूल. मन कच्चं झालं असेल, पत्र दिलं असेल, मग पश्चात्ताप झाला असेल."

"म्हणजे तिनेच लिहिलं?"

"किंवा..." त्यांनी आवाज खाली आणला. "बाहेर शोधण्यापेक्षा घरात शोधा. नवऱ्याला बायकोची बढती झेपतेच असं नाही हो. आणि ताई, माझं ऐका, हे फार ताणू नका. पोरीचा संसार मोडेल."

परतीच्या टॅक्सीत सुहासिनीबाईंचं लक्ष खिडकीबाहेर नव्हतं. मुजुमदारांनी पळीभर काळजी वाढली होती आणि तिच्या तळाशी चिन्मयचं नाव ठेवलं होतं. आता चिन्मयशी बोलणं भाग होतं, आणि त्याचं उत्तर अमृताला सांगणंही.

४

चिन्मय राजवाडे कामासाठी भुवनेश्वरला होता. बाईंनी फोनवर आडपडदा न ठेवता सगळं विचारलं.

"अमृताला असं वाटलं?" तो म्हणाला.

"तिला भीती वाटली. वाटणं आणि भीती वाटणं यात फरक आहे. पत्राखाली नाव काय आहे माहीत आहे? अमृता चिन्मय लेले."

तो आता चक्क चिडला. "मावशी, लग्नाच्या नोंदणीत कारकुनाने तिचं नाव अमृता चिन्मय राजवाडे लिहिलं होतं. मी दोन दिवस त्या कचेरीत बसून ते बदलून घेतलं. माझी आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी खोटं पत्र लिहिलं असतं, तर निदान नाव तरी बरोबर लिहिलं असतं! आणि पुन्हा विचार कर म्हणालो, ते यासाठी की आपण बेहालाला घर घेऊ का, तिथून बजबज जवळ पडतं."

सुहासिनीबाईंनी लगेच अमृताला फोन करून हे शब्दाला शब्द सांगितलं. ती रडली आणि रडताना हसलीही. एक काटा निघाला. पण सोमवार जवळ येत होता आणि पत्र होतं तिथेच होतं.

बाईंनी चहा केला, बाल्कनीत खुर्ची टाकली आणि मांडणी करायला बसल्या. ही चूक कोण करेल? ज्याला नवऱ्याचं नाव चिन्मय हे माहीत आहे, पण तो लेले नाही हे माहीत नाही, असा मराठी माणूस. सारंगला आडनाव माहीत होतं, नाव नव्हतं. नूपुरला दोन्ही माहीत नव्हतं, आणि फाइल उघडली असती तर तिला दिगंबरच दिसला असता. चिन्मय आणि त्याची आई तर राजवाडेच. राहिले मुजुमदार. ते दिगंबर लेल्यांचे पंचवीस वर्षांचे स्नेही. लेले हे बापाचं आडनाव, हे त्यांना न सांगता ठाऊक.

थोडक्यात, ही चूक करू शकेल असा माणूसच यात नव्हता.

सुहासिनीबाईंचा चहा निवला. बँकेत असताना त्यांना एक धडा मिळाला होता. कोणालाच करता येणार नाही अशी चूक कागदावर दिसली, तर ती चूक नसते. कोणीतरी ती मुद्दाम केलेली असते.

पण का? पत्र खोटं पाडायचं होतं तर लिहिलं कशाला? आणि लिहायचं होतं तर त्यात सुरुंग कशाला पेरला? याला एकच उत्तर होतं. लिहायला सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा. ज्याला नाही म्हणता आलं नाही, त्याने चूक केली. तीही अशी, की सांगणाऱ्याच्या नजरेत येणार नाही. बायकोच्या नावात नवरा दिसला तर कुठल्या मराठी पुरुषाचा डोळा अडकतो? बंगाल्यांना ते कळणार नाही, पुरुषांना ते खुपणार नाही. खुपेल ते एखाद्या मराठी बाईला.

त्यांनी पत्र पुन्हा उजेडात धरलं. पहिल्याच दिवशी नजरेला काहीतरी जाणवलं होतं ते आता दिसलं. प्रत्येक पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा. परिच्छेदाची सुरुवात मोजून पाच घरं आत. डावीकडे फाइलला भोकं पाडायला सोडलेला रुंद समास. आजकालची पोरं अशी टाइप करत नाहीत. असं टाइप करतात ते टायपिंगच्या क्लासात खडखडाट करत शिकलेले, पन्नाशीच्या पुढचे.

फ्रिजच्या दारावर मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाची इंग्रजी सूचना चिकटवलेली होती. बाईंनी ती काढून पत्राशेजारी ठेवली. दोन मोकळ्या जागा. पाच घरं. रुंद समास. मंडळाच्या सूचना कोण टाइप करतं, हे साऱ्या मंडळाला माहीत होतं.

५

रविवारी सकाळी सॉल्ट लेकला मुजुमदारांच्या घरी पोह्यांचा वास दरवळत होता. मीनाताईंनी दार उघडलं. बाईंना पाहून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच मिटला. लग्नाआधी त्या मुंबईत एका मोठ्या साहेबांच्या स्टेनो होत्या. लग्नानंतर नोकरी सुटली, लघुलिपी सुटली, टायपिंग तेवढं राहिलं. यजमानांची पत्रं, यजमानांची भाषणं, यजमानांच्या मंडळाच्या सूचना.

"सुधाकरराव," बसल्या बसल्या सुहासिनीबाई म्हणाल्या, "पत्र तुम्ही लिहिलंत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खूण राहते म्हणून घरी छापलंत. अमृताचे रजेचे अर्ज तुमच्याकडेच येतात, त्यावरून सही गिरवलीत. आणि गुरुवारी नऊच्या आत ट्रेमध्ये ठेवलंत."

मुजुमदारांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "काय पुरावा आहे तुमच्याकडे?"

"हा कागद तुमच्या प्रिंटरवर छापला गेलाय. मुंबईच्या समितीने एखादा तज्ज्ञ बोलावला तर अर्ध्या तासात कळेल. सहीचंही तेच. बोलवायला सांगू?"

ते हरणारे नव्हते, पण मूर्खही नव्हते. मग ते बोलू लागले आणि त्यात लाज नव्हती, याचंच बाईंना जास्त वाईट वाटलं.

"तिच्या भल्यासाठी केलं. तिथे काही झालं असतं तर दिगंबरला काय तोंड दाखवलं असतं मी? आणि बाई म्हणून नको असं लिहिलं, की कंपनीवर भेदभावाचा ठपका. तिनेच नको म्हटलं, की कोणाचंच नाव खराब होत नाही. तिचंही नाही."

"म्हणजे नकार तुमचा आणि सही तिची."

"तुम्ही शब्दांत पकडताय."

"शब्दांत नाही, नावात पकडलंय." बाईंनी नावावर बोट ठेवलं. "हे बघा."

मुजुमदारांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. "अरेच्चा. हे मी..." त्यांनी मान वळवली. "मीना, अगं, हे काय केलंस? इतकी वर्षं टाइप करतेस, कधी एक चूक नाही, आणि नेमकी इथे?"

सुहासिनीबाईंनी उत्तर मनाशी जुळवून आणलं होतं. घाईत होतं असं, वय झालं आपलं, असं म्हणून विषय संपवायचा. या घरात मीनाताईंना राहायचं होतं, बाई तर तासाभराने निघून जाणार होत्या. त्यांनी तोंड उघडलं.

"चूक नव्हती ती," मीनाताई म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात झारा होता.

"तुम्ही सांगत होतात आणि मी टाइप करत होते. शेवटचं वाक्य सांगितलंत, हा निर्णय सर्वस्वी माझा आहे. तिथे माझी बोटं थांबली. माझ्या साहेबांना माझ्या नावाने राजीनाम्याचं पत्र गेलं होतं, त्यातही हेच वाक्य होतं. ते माझ्या सासऱ्यांनी सांगितलं होतं आणि टाइप मीच केलं होतं." त्यांनी श्वास घेतला. "तुम्हाला नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही. म्हणून नाव चुकवलं. म्हटलं, कोणीतरी बाई वाचेल."

मुजुमदार बायकोकडे असे बघत राहिले, जणू भिंतीवरचं घड्याळ अचानक बोलायला लागलं होतं. सहा वर्षांत सुहासिनीबाईंनी बरीच कोडी सोडवली होती, पण ती त्यांच्यासाठी कोणी मांडून ठेवलेली नव्हती.

"समितीला पत्र जायला हवं," त्या म्हणाल्या. "आजच, सुधाकरराव, तुमच्या नावाने. पहिलं पत्र खोटं होतं आणि ते तुम्ही केलं, असं स्पष्ट."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

मुजुमदार उठले आणि कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीकडे बोट करून सवयीने म्हणाले, "मीना, बस. सांगतो."

मीनाताई जागच्या हलल्या नाहीत. अखेर मुजुमदारच जाऊन खुर्चीत बसले. पडद्यावर कोरा कागद उघडला. एक अक्षर शोधायला त्यांना किती वेळ लागतो, हे सुहासिनीबाईंनी कुतूहलाने पाहिलं. दोन ओळी झाल्यावर ते थांबले.

"पुढे काय लिहू? तिला अजून ते पद हवंय, असं लिहू ना?"

"मला काय विचारता?" मीनाताई म्हणाल्या. "तिला विचारा की. इतक्या दिवसांत एकदा तरी विचारलंत?"

मुजुमदारांनी फोन उचलला. आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून मीनाताईंनी पुढे होऊन स्पीकरचं बटण दाबलं. दोन घंटा झाल्या.

"हॅलो, काका?"

त्यांनी दोनदा घसा खाकरला. भाषणाला उभे राहिले की अर्धा तास न अडखळणारा माणूस, पण शब्द सापडेना.

"अमृता, मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. पण आधी विचारायचं आहे. तुला बजबजला..."

"हो," अमृता म्हणाली.